पहिली कादंबरी : लिहून झाल्यावर आणि छापण्याआधी



आजच्या विषयात दोन क्रियापदं आहेत. कादंबरी लिहिणं आणि कादंबरी छापणं. नवीन लिहिणारी मुलंमुली, आणि मुलंमुलीच कशाला, निवृत्तीनंतर लिहायला बसलेली मंडळीसुद्धा आमच्याकडे हस्तलिखित घेऊन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न दुसऱ्या क्रियापदाचा असतो. कोण छापेल? लिहून तर झालंय, आता तेवढं छापायचं राहिलंय, असा एकूण सूर. यात त्यांचा दोष नाही. साहित्याच्या कार्यक्रमांत आपण मंचावर पुस्तक उघडताना पाहतो, त्यामुळे पुस्तक म्हणजे छापलेली वस्तू असं डोक्यात बसतं.

आमचं म्हणणं एकच आहे, ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. लिहून होणं आणि छापून येणं यांच्यामध्ये एक काळ असतो. पूर्वी तो नवीन लेखकाच्या वाट्याला आपोआप यायचा, कधीकधी नको तितका यायचा. आता तो स्वतः राखावा लागतो. आज मराठीत पुस्तक छापून घेणं सोपं झालेलं आहे. पैसे भरले की महिना-दीड महिन्यात प्रती हातात. पण त्या महिना-दीड महिन्यात ती कादंबरी कोणी वाचलेली नसते. अक्षरजुळणी करणाऱ्याने ती टाइप केलेली असते. मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घ पाहिलेलं असतं. मुखपृष्ठ करणाऱ्याला कथानक फोनवर दोन वाक्यांत सांगितलेलं असतं. (हशा) हसू नका, हे असंच चालतं. वाचक म्हणून ती कोणीच वाचलेली नसते. मग पहिला वाचक कोण? विकत घेणारा. आणि त्याला कादंबरी अर्धवट वाटली तर तो लेखकाला फोन करून सांगत नाही. तो पुस्तक ठेवून देतो, आणि त्या लेखकाचं दुसरं पुस्तक घेत नाही.

आधी वाचक, मग पुस्तक

थोडं मागे जाऊ. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यात क्रमशः आली. हरिभाऊ तेव्हा पंचविशी ओलांडलेले. एका तरुण पुरुषाने यमू नावाच्या बाईच्या तोंडून, तिचं आत्मचरित्र असावं तशी, ती सगळी कादंबरी सांगितली. हे धाडस होतंच. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ती कादंबरी पुस्तक होण्याच्या आधी वाचली जात होती, अंकाअंकाने, थांबून थांबून. म्हणजे लिहिणाऱ्याच्या कानावर वाचणाऱ्याचा श्वास पडत होता.

पुढे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि दिवाळी अंकाची प्रथा पडली. त्यानंतर कितीतरी कादंबऱ्या आधी दिवाळी अंकात आणि मग पुस्तकरूपात आल्या. अंकात आलेला मजकूर आणि पुस्तकात आलेला मजकूर यांत अनेकदा फरक असतो. हा फरक म्हणजेच आम्ही ज्याला मधला काळ म्हणतोय तो.

तिसरी गोष्ट संपादकांची. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही 'मौज' आणि 'सत्यकथा'शी जोडलेली नावं तुम्हाला माहीत असतील. हस्तलिखित वाचायचं, लेखकाशी पत्रव्यवहार करायचा, पुन्हा लिहायला लावायचं, ही त्यांची पद्धत. आता इथे काही जण हात वर करतील की त्या वर्तुळाबाहेरच्यांचं काय? बरोबर आहे. १९६९ साली अनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथा'ची होळी केली ती उगाच नाही. त्या अभिरुचीत बसणारं लेखन कोणतं, न बसणारं कोणतं, हे ठरवण्याचा अधिकार मोजक्या माणसांकडे होता आणि त्यात अनेकांवर अन्याय झाला. तेव्हा जुना काळ सोन्याचा होता असं आम्हाला म्हणायचं नाही. पण एक बघा. होळी करणारे तरुण एकमेकांचं लेखन वाचत होते, त्यावर भांडत होते. त्यांनी संपादक नाकारला, वाचक नाकारला नाही. आज संपादकाचा अडसर गेला म्हणून आपण खूश होतो, पण त्याच्याबरोबर वाचकही गेला हे लक्षात येत नाही.

हस्तलिखितांत काय दिसतं

आता पहिल्या क्रियापदाकडे येऊ. पहिल्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचताना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातल्या चार सांगतो. चारही दुरुस्त होण्यासारख्या आहेत, आणि म्हणूनच मधल्या काळाचा आग्रह.

पहिली गोष्ट, आवाजाची. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढली. नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि शेवटी गावाला परत जातो, एवढीच गोष्ट. पण ती ज्या पद्धतीने सांगितली त्याने मराठी कादंबरीचा कान बदलला. परिणाम असा की आजही आमच्याकडे येणाऱ्या दर चार-पाच हस्तलिखितांमागे एका हस्तलिखितात पांडुरंग खोलीवर पडलेला असतो. नाव वेगळं असतं, गाव वेगळं असतं, जातही वेगळी असते, पण बोलतो पांडुरंगच. तो 'उदाहरणार्थ' म्हणतो, तो 'वगैरे' म्हणतो, त्याला सगळ्याचा कंटाळा आलेला असतो. (हशा) आता 'कोसला'त नेमाड्यांनी काय केलं? त्या विशिष्ट वयाचा, त्या विशिष्ट भागातून आलेला, त्या काळातला मुलगा स्वतःशी कसा बोलेल ते ऐकलं. तुम्ही घ्यायचं असेल तर ते ऐकणं घ्या. तुमचा नायक २०२०च्या आसपास स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या पेठेत राहत असेल तर त्याच्या बोलण्यात काय येतं? पूर्व, मुख्य, मुलाखत, कट-ऑफ, मेसचे पैसे, घरून येणारा फोन. त्याचा कंटाळा पांडुरंगाचा नाही. त्याच्या कंटाळ्यामागे वयोमर्यादा उभी आहे.

दुसरी गोष्ट, आवाक्याची. नव्या माणसाला पहिल्याच कादंबरीत सगळं सांगायचं असतं. पणजोबांपासून सुरुवात, मग स्वातंत्र्य, मग दुष्काळ, धरण, आणीबाणी, जागतिकीकरण आणि शेवटी लॉकडाऊन. चार पिढ्या साडेचारशे पानांत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, १९५५ची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत शाळेवर जातो. तिथली माणसं त्याला हळूहळू कळतात. दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तर निघतो. पुस्तक लहान आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ची. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, बोटीवरची माणसं, एक मराठी तरुण आणि एक ज्यू मुलगी. जागा ठरलेली, काळ ठरलेला, आणि तरी सगळं जग त्या बोटीवर येतं. मोठा पट मांडू नये असं नाही. रंगनाथ पठाऱ्यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' २०१९ साली आली, तिचा पट शतकांचा आहे. पण त्यामागे त्यांचं कित्येक दशकांचं कादंबरीलेखन आहे. पहिल्यांदा विहीर खणताना नदी वळवायला जाऊ नये. तुमच्या चार पिढ्यांतली एक निवडा, तिच्यातलं एक वर्ष निवडा. बाकीच्या तीन पिढ्या त्या एका वर्षात माणसांच्या बोलण्यातून येतातच, त्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही.

तिसरी गोष्ट, कामाची. ही आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्या कादंबरीतला नायक नोकरीला असतो, पण कामावर दिसत नाही. तो बँकेत आहे असं पहिल्या पानावर कळतं आणि मग शेवटपर्यंत तो प्रेम करतो, आठवणी काढतो, गच्चीवर सिगारेट ओढतो. बँकेत तो काय करतो? सकाळी पहिलं काम कोणतं? मार्चअखेरीला घरी किती वाजता येतो? वसुलीला गेल्यावर दार कोण उघडतं? हे नसेल तर माणूस उभा राहत नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' २००२ साली आली, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकून बेकार राहिलेला एकनाथ आणि त्याचं शेतकरी कुटुंब. ती वाचताना शेतीतला तोटा आपल्याला आकड्यात कळतो आणि घरातल्या भांडणातही कळतो. पेरणीचा खर्च, उसनवारी, बाजारात मिळालेला भाव आणि त्या संध्याकाळी घरातलं बोलणं, हे सगळं एकाच धाग्यात येतं. त्याआधी १९६०मध्ये आलेली उद्धव शेळक्यांची 'धग' बघा. कौतिक नावाची बाई घर चालवण्यासाठी जे जे करते त्यातूनच ती आपल्याला कळते. लेखक तिच्या दुःखावर भाष्य करत बसत नाही.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ची. यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात आणि जागोजागच्या विधवांची स्थिती पाहतात. धर्मप्रचाराचा हेतू त्यात उघड आहे, रचना ढिली आहे, हे समीक्षकांनी सांगून झालंय. पण आपल्या कादंबरीची सुरुवात घराबाहेर पडून बघण्याने झाली हे विसरू नका. तुमची कादंबरी ऊसतोडीवर असेल तर कोयता किती वाजता चालू होतो हे ठाऊक हवं. हॉस्पिटलवर असेल तर रात्रपाळीची नर्स जेवते कधी, हे ठाऊक हवं. माहीत नसेल तर जाऊन बसा, विचारा. त्यासाठी कोणत्याही कार्यशाळेची गरज नाही.

चौथी गोष्ट, बोलीची. आता बोलीत लिहिण्याला मान आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. पण हस्तलिखितात असं दिसतं की पहिल्या प्रकरणात निवेदन बोलीत, तिसऱ्यापासून प्रमाण भाषेत, सातव्यात पुन्हा बोली. म्हणजे लेखकाने ठरवलेलंच नाही की गोष्ट सांगतंय कोण. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत हा एक मार्ग आहे. सगळं निवेदनच बोलीत हा दुसरा, नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'त तो दिसतो. दोन्ही चालतात. ठरवा आणि मग शेवटपर्यंत पाळा. आणि एक व्यावहारिक सूचना. बोलीतले शब्द तुम्ही कसे लिहिता त्याची एक यादी करा, दोन-तीन पानांची. 'हाय' की 'हाये', 'व्हतं' की 'होतं', 'त्येनं' की 'त्यानं'. ही यादी हस्तलिखितासोबत मुद्रितशोधकाला द्या. नाहीतर तो बिचारा प्रामाणिकपणे तुमची बोली शुद्ध करून ठेवतो, आणि पुस्तक हातात आल्यावर तुमची आजी सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलते. (हशा)

मधला काळ कसा राखायचा

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला आमच्या लेखनात दिसत का नाही? लिहून झाल्या झाल्या ते कोणालाच दिसत नाही. म्हणून पहिला नियम, हस्तलिखित बाजूला ठेवा. किमान तीन महिने. त्या काळात दुसऱ्यांच्या कादंबऱ्या वाचा, शक्यतो पहिल्या कादंबऱ्या. नंतर स्वतःचं हस्तलिखित काढा आणि मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळते किंवा तुम्हालाच कंटाळा येतो, तिथे पेन्सिलने खूण करा. थांबून दुरुस्त करू नका, आधी सगळं वाचून काढा.

दुसरा नियम, तीन वाचक शोधा. तिघेही वेगवेगळे हवेत. एक असा, ज्याला तुमच्या कादंबरीतलं काम माहीत आहे. शेतीवर लिहिलं असेल तर शेतकरी, कोर्टावर लिहिलं असेल तर वकील किंवा कारकून. तो साहित्यिक नसला तर उत्तमच. दुसरा असा, जो पुष्कळ कादंबऱ्या वाचतो पण तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या तालुक्याच्या ग्रंथपालाला विचारा, असा वाचक त्यांना माहीत असतो. आणि तिसरी व्यक्ती अशी, की जिच्यासारख्या माणसावर तुम्ही लिहिलंय. पुरुषाने बाईवर लिहिलं असेल तर बाई. सवर्णाने दलित पात्र लिहिलं असेल तर त्या वस्तीत वाढलेला माणूस. हे वाचन परवानगी मागण्यासाठी करायचं नसतं. खोटं कुठे वाटतं ते त्यालाच आधी कळतं, एवढंच.

या तिघांना "कशी वाटली?" असं विचारू नका. आपल्याकडे तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही. "छान आहे, लिहीत राहा," असं उत्तर येतं आणि तुम्ही खूश होऊन प्रेसला फोन करता. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. वाचताना पुस्तक कुठे खाली ठेवलंत? आणि कोणतं माणूस लक्षात राहिलं नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं माणसं खरी देतात, कारण त्यात त्यांना तुमचा अपमान करावा लागत नाही. तिघांनी एकाच जागी पुस्तक ठेवलं असेल तर ते प्रकरण पुन्हा लिहायचं. वाद घालायचा नाही.

मोबाईलवर प्रकरणाप्रकरणाने लिहिणारे आता बरेच आहेत, 'प्रतिलिपी'सारखी ठिकाणं आहेत. तिथे 'करमणूक'सारखंच क्रमशः वाचन पुन्हा सुरू झालंय असं म्हणता येईल. त्याचा उपयोग करा. फक्त एक भान ठेवा. पुढचा भाग कधी, असं विचारणारा वाचक तुम्हाला वेग देतो. ही गोष्ट सांगायला हवी होती का, हे विचारणारा वाचक तुम्हाला कादंबरी देतो. दोघेही लागतात.

आता छापण्याचं

मराठीत आज ढोबळमानाने तीन प्रकारे पुस्तक निघतं. एक, प्रकाशक स्वतः खर्च करतो आणि लेखकाला मानधन देतो. दोन, लेखक स्वतः खर्च करतो आणि स्वतःच प्रकाशक होतो. आणि तीन, खर्च लेखकाचा आणि नाव प्रकाशकाचं. पहिले दोन सरळ आहेत. तिसऱ्या प्रकारात डोळे उघडे ठेवायचे.

हिशेब समजून घ्या. पुस्तक फर्म्यावर मोजतात, एक फर्मा म्हणजे सोळा पानं. दोनशे चाळीस पानांची कादंबरी म्हणजे पंधरा फर्मे. तुम्ही चाळीस पानं कापलीत तर अडीच फर्मे वाचतात, किंमत उतरते, आणि बहुतेक वेळा कादंबरीही सुधारते. हजार प्रतींची आवृत्ती ही एके काळी सर्वसाधारण गोष्ट होती. आता पाचशे, तीनशे, डिजिटल छपाईमुळे शंभरही निघतात. मानधन साधारण छापील किमतीच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं. आता तीनशे रुपयांची कादंबरी, पाचशे प्रती, दहा टक्के. सगळ्या विकल्या तर पंधरा हजार रुपये, तेही दोन-तीन वर्षांत. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. यासाठी सांगतो की जेव्हा कोणी तुम्हाला पन्नास-साठ हजार भरा म्हणतो, तेव्हा हा पंधरा हजारांचा आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

पैसे भरायचेच असतील तर आधी पाच गोष्टी लेखी घ्या. प्रती किती छापणार. छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या. विक्री कोण करणार आणि कुठे. हिशेब वर्षातून कितीदा देणार. आणि उरलेल्या प्रतींचं काय. या पाचांपैकी एकाचं जरी उत्तर "ते बघू नंतर" असं आलं, तर चहा पिऊन उठा.

करार वाचल्याशिवाय सही करू नका. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूचा आहे, हे फार कमी लेखकांना माहीत असतं. कादंबरी लिहिली की हक्क तुमचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि तुमच्या सहीनेच देता येतात, तोंडी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापरच केला नाही, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क परत येतात. आणि हक्क दिल्यानंतरसुद्धा, कलम ५७ प्रमाणे, लेखक म्हणून तुमचं नाव राहण्याचा आणि मजकुराची मोडतोड होऊन तुमच्या लौकिकाला बाधा आली तर दाद मागण्याचा अधिकार तुमच्याकडेच असतो. अनुवाद, ऑडिओ बुक, सिनेमा, वेब मालिका, हे हक्क वेगवेगळे आहेत. "सर्व हक्क प्रकाशकाकडे" या एका ओळीत सगळे देऊन टाकू नका. कोणता हक्क, किती वर्षं, किती टक्के, असं एकेक लिहा.

आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या देशात तो केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. त्यांची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवा. तिथे तुमचं हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, आणि आमच्या मते अनुदानाच्या रकमेइतकीच ती गोष्ट मोलाची आहे.

प्रकाशकाकडे पाठवताना आधी त्याची यादी बघा. जो फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढतो त्याला कादंबरी पाठवून उपयोग नाही. एका पानाचा सारांश, पहिली दोन-तीन प्रकरणं आणि स्वतःविषयी चार ओळी, एवढं पुरे. उत्तराला महिने लागतात. दर आठवड्याला फोन करू नका, तीन महिन्यांनी एक करा.

प्रस्तावनेसाठी मोठ्या नावांच्या मागे फिरू नका. कादंबरीला प्रस्तावना लागत नाही. बारा पानांच्या प्रस्तावनेत कथानक आधीच सांगितलेलं असतं आणि लेखकाची तुलना दोन मोठ्या लेखकांशी केलेली असते. वाचक पहिलं वाक्य वाचायला येतो तेव्हा तो आधीच थकलेला असतो. तेवढ्या पानांत तुमचं एक प्रकरण बसतं.

पणाला काय लागतं

हे सगळं इतक्या बारकाईने का सांगतोय? कारण यात माणसं भरडली जातात. तालुक्याच्या गावातला मुलगा, घरातला पहिला लिहिणारा. बैलजोडी विकून, बहिणीकडून उसने घेऊन तो कादंबरी काढतो. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, पाहुणे म्हणतात की मराठीला नवा आवाज मिळाला. पाहुण्यांनी पुस्तक गाडीत चाळलेलं असतं. मग प्रतींची खोकी घरी येतात आणि खाटेखाली जातात. पावसाळ्यात त्यांना वास येतो. आई विचारते, याचं काय करायचं? त्या प्रश्नाचं उत्तर नसलेला मुलगा पुन्हा लिहीत नाही. वाईट कादंबऱ्या छापल्या जातात याचं आम्हाला फारसं दुःख नाही, प्रत्येक भाषेत छापल्या जातात. दुःख याचं आहे की ज्याची दुसरी किंवा तिसरी कादंबरी चांगली झाली असती, तो पहिल्या कादंबरीच्या कर्जात संपतो.

चांगल्या पुस्तकाचं तरी काय होतं? 'फेसाटी'ला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पस्तीस वर्षांच्या आतल्या लेखकांसाठीचा हा पुरस्कार, रक्कम पन्नास हजार. आणि २०२०च्या टाळेबंदीत तिच्या लेखकावर शेतमजुरीला जाण्याची वेळ आली, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं. म्हणजे कादंबरी गाजली, पुरस्कार मिळाला, तरी चूल त्यावर पेटत नाही. यावर समाज म्हणून आणि सरकार म्हणून काय करायचं हा मोठा प्रश्न आहे, त्यावर वेगळं बोलायला हवं. पण लिहिणाऱ्याने त्यातून एवढं घ्यावं, की पोटाची सोय वेगळी ठेवायची आणि कादंबरीसाठी कर्ज काढायचं नाही. ही सांगायला कोरडी गोष्ट आहे, पण ती पाळली तर तुम्ही लिहीत राहता.

आणि घाई नसली की एक फायदा होतो. कादंबरीला वेळ दिला, तीन माणसांना वाचायला दिली, चाळीस पानं कापली, दोन प्रकाशकांचा नकार आला, पुन्हा एक प्रकरण लिहिलं, यात दोन वर्षं जातात. तोवर तुमच्या मनात दुसरी कादंबरी सुरू झालेली असते. मग पहिली छापली गेली काय, थोडी उशिरा छापली गेली काय, तुमचं सगळं तिच्यावर अवलंबून राहत नाही. आम्ही ज्या लेखकांची नावं आज घेतली त्यांतले बहुतेक एका पुस्तकावर थांबले नाहीत. तुम्हीही थांबू नये, आणि थांबावं लागू नये, यासाठी हे सगळं.

तेव्हा घरी गेल्यावर आज फक्त एक काम करा. तुमच्या तीन वाचकांची नावं एका कागदावर लिहा. तिसरं नाव सुचत नसेल तर ते शोधण्यापासून सुरुवात करा. प्रकाशकाचा नंबर नंतर शोधू.

वेळ झालेली आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. कराराविषयी कोणाला विचारायचं असेल तर त्यांनी आधी विचारावं, कारण नंतर कोणी विचारत नाही.